कंपनीफिटेड गारवा

नाना स्वतःच्याच गाडीत चक्कर येऊन पडले, तेव्हा एसी फुल्लवर होता, चारही काचा घट्ट लावलेल्या होत्या आणि नानांच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. बाहेर ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, तरी गाडी जागची हलेना, म्हणून मागचा टेम्पोवाला बाह्या सरसावून भांडायला उतरला. त्याने तावातावाने दार उघडलं आणि आतून आलेला वाफारा तोंडावर बसताच तो बिचारा भांडणच विसरला.

"स्वेटर कुणी घातला यांना?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांनीच," माई म्हणाल्या. "गाडीतला एसी बाधतो ना त्यांना."

डॉक्टरांनी आधी नानांकडे पाहिलं, मग माईंकडे, आणि शेवटी जावयाकडे. शहाण्या माणसाने खोलीतल्या दुसऱ्या शहाण्या माणसाला शोधावं, तसं. जावयाने नजर चुकवली. सासरच्या माणसांसमोर शहाणं दिसणं त्याने लग्नापासून टाळलं होतं.

डॉक्टरांनी फार चर्चा केली नाही. गाडीतला एसी नीट गार करायला लागेपर्यंत नानांनी गाडीत पाऊल टाकायचं नाही, एवढंच ते म्हणाले. घरी आल्यावर माईंनी त्यात स्वतःचं एक कलम घातलं. एक हॉटेलवाला कधीचा त्या जुन्या गाडीमागे लागला होता. त्याला ती हॉटेलच्या दारात उभी करायची होती आणि बॉनेट उघडून आत फुलझाडं लावायची होती.

"एसी सुधारला तर ठीक," माई म्हणाल्या. "नाहीतर जाऊ दे गाडी हॉटेलात. मला एका डब्यापायी विधवा व्हायचं नाही."

नाना कपाळावर ओला रुमाल घेऊन पडले होते. 'डबा' या शब्दाला ते उठून बसले. 'फुलझाडं' या शब्दाला पुन्हा आडवे झाले.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं. गाडी परदेशी, लांबलचक, दुधावरच्या सायीच्या रंगाची. नानांनी ती तीसेक वर्षांपूर्वी एका बोटीवरच्या इंजिनिअरकडून घेतली. डॅशबोर्डच्या खाली एक काळी पेटी होती, तिला जाळी होती आणि एक गोल खटका होता. खटक्याभोवतीची अक्षरं तेव्हाच झिजून गेली होती. इंजिनिअर म्हणाला, "ही पेटी कंपनीने बसवलेली आहे, हिला कुणाला हात लावू देऊ नका." नानांनी खटका फिरवला. घुर्र आवाज आला आणि हवा आली. त्या काळात नानांच्या ओळखीत कुणाच्याच गाडीत एसी नव्हता. एसीबद्दल नानांना एकच गोष्ट पक्की माहीत होती, ती म्हणजे काचा बंद ठेवायच्या. त्यांनी काचा बंद केल्या, आणि घराला नवीन रिवाज लागला. गाडीत बसायचं तर स्वेटर घालून बसायचं.

घाम यायचा. धो धो यायचा. पण नानांकडे त्याचंही उत्तर होतं.

"फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला बाहेरून पाणी सुटतं की नाही? का सुटतं? कारण आतून ती गार झालेली असते. आपलंही तसंच. जेवढा घाम जास्त, तेवढा गारवा आत मुरलेला."

हे ऐकून सहसा कुणी प्रतिप्रश्न करत नसे. बँकेतला एसी कोरडा लागतो त्याचं काय, असं कुणी विचारलंच, तर नाना म्हणत, "तो लोकल. त्याने नुसती कातडी गार होते." आणि सगळ्यात मोठा पुरावा वेगळाच होता. लोकांच्या एसीत दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागतो. नानांच्या एसीत तीस वर्षांत एकदाही भरावा लागला नव्हता. "याला म्हणतात कंपनीफिटेड!"

जावई चष्म्याच्या दुकानात कामाला. लग्नानंतर पहिल्यांदा त्या गाडीत बसला तेव्हा सासूबाईंनी त्याला एक मरून रंगाचा स्वेटर दिला. थोडं पुढे गेल्यावर तो भीत भीत म्हणाला, "जरा गरम होतंय का?"

गाडीत कुणी शिवी दिल्यासारखं सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नवीन आहेत," शेवटी माई म्हणाल्या. "अंगाला सवय नाही गारव्याची."

त्याने कानाला खडा लावला. आपल्यातच काहीतरी खोट आहे असं धरून तो गुपचूप त्वचेच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. डॉक्टरांनी विचारलं, घाम कधी येतो? तो म्हणाला, सासरच्या माणसांबरोबर असलो की. डॉक्टर म्हणाले, तो सगळ्यांनाच येतो.

तर आता प्रश्न असा, की ओरिजिनल एसी दुरुस्त करायचा की बाहेरचा नवा बसवायचा? नानांच्या पलंगाभोवती बैठक बसली.

"बाहेरचा बसवून टाका ना," जावयाची बायको म्हणाली. "हल्लीचे बाहेरचे चांगले येतात, नाना."

"बाहेरचं काही आत आणलं की घडी विस्कटते," नाना म्हणाले, अगदी प्रेमाने जावयाकडे बघत. त्यांच्या मनात खरंच काही नव्हतं. म्हणूनच जावयाला ते जास्त लागलं. "गाडी सगळी ओरिजिनल आहे. खिळासुद्धा कंपनीचा. एसी बाहेरचा बसवायचा तर मग फुलझाडंच लावा. जावईबापू, तुम्ही घेऊन जा मिस्त्रीकडे. दुरुस्त करायचा म्हणावं. बदलायचा नाही."

लग्नानंतरच्या सहा वर्षांत नानांनी त्याला पहिल्यांदाच काही काम सांगितलं होतं. त्याची छाती फुगली. माईंनी किल्ली त्याच्या हातात देताना ती क्षणभर सोडलीच नाही.

"नीट सांगा हो मिस्त्रीला," त्या हळूच म्हणाल्या. "गाडी गेली तर हे पण जातील हो. नुसते खिडकीत बसून राहतील."

एसीचा मिस्त्री हा तोंडाने बोलायचा आणि हाताने त्याहून जास्त बोलायचा असा माणूस. "गॅस गेलाय," गाडी पूर्ण थांबायच्या आतच त्याने निदान केलं.

"गॅस कधी भरलाच नाही. तीस वर्षांत."

मिस्त्रीचे हात हवेतच राहिले. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"आणि एसी चालतो?"

"आमच्याकडे चालतो असं मानतात."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. बराच वेळ तो आत डोकं घालून होता. मग आतूनच त्याचा आवाज आला, "साहेब, कॉम्प्रेसर काढून ठेवलाय का कुठे?"

"कॉम्प्रेसर म्हणजे?"

मिस्त्री बाहेर आला. काही न बोलता ड्रायव्हरच्या बाजूला गेला, डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि पेटीचे स्क्रू काढू लागला. मग त्याने गाडी सुरू केली, खटका फिरवला, जाळीपुढे हात धरला आणि तो हात असा मागे घेतला, जणू तव्याला लागला.

"साहेब," तो म्हणाला, "बसून घ्या."

"का?"

"हा हीटर आहे."

जावई उभाच राहिला. बसायला सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

"थंड देशातली गाडी आहे ही," मिस्त्री हातवारे करत सांगू लागला. "तिकडे बर्फ पडतो. इंजिनचं उकळतं पाणी या पेटीतून फिरवायचं आणि माणसांना शेकायचं. एसी या गाडीला कधी नव्हताच. कंपनीने बनवलाच नाही. तुम्ही लोक हा कधी लावायचात?"

"उन्हाळ्यात."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात कशाला लागतो? बंद ठेवायचो."

मिस्त्रीने एक खोल श्वास घेतला आणि शेजारच्या दुकानातल्या सीट कव्हरवालीला हाक मारली. ती तोंडात टाचण्या धरून आली, तिने ऐकलं आणि टाचण्या काढून नीट एका जागी ठेवल्या. त्या गिळल्या जाण्याची भीती तिला वाटली असावी.

"काचा उघड्या ठेवत असतील," ती म्हणाली.

"बंद," जावई म्हणाला. "आणि स्वेटर."

जावयाच्या डोळ्यांपुढून सहा उन्हाळे सरकत गेले. सगळ्यांच्या नाकावरून ओघळणारे थेंब, आणि पुढच्या सीटवरून नानांचा तृप्त आवाज, "आज छान गार झालंय."

"दुरुस्त होईल का?" त्याने भानावर नसल्यासारखं विचारलं.

"दुरुस्त काय करू? बिघडलाच नाहीये! टॉप कंडिशन. एवढा वापरलेला हीटर मी जन्मात पाहिला नाही." मिस्त्रीचा आवाज जरा भरून आला. "साहेब, खरं सांगू? घरी सांगू नका. मी बाहेरचा एसी बसवतो, सगळा आत लपवून. पेटी तीच, जाळी तीच, खटका तोच. ओरिजिनल दुरुस्त झाला म्हणून सांगा. म्हातारा माणूस खूश, तुम्ही सुटलात."

दुकानात जावयाला वाईट बातमी हळुवार सांगायची सवय होती. नंबर वाढलाय असं तो गिऱ्हाइकाला कधीच थेट सांगत नसे. एक काच लावायची, मग दुसरी लावायची आणि विचारायचं, हे बरं दिसतंय की ते? माणूस स्वतःच कबूल करतो. पण तीस वर्षांच्या हीटरला कुठली काच लावणार? तो मिस्त्रीला म्हणाला, "बसवा."

गाडी परत आली तेव्हा नाना फाटकाशीच उभे होते. पेटीवरून त्यांनी हात फिरवला, जाळी पाहिली, खटका पाहिला.

"हात नाही ना लावला मूळ वस्तूला?"

"नाही," जावई म्हणाला. मूळ एसीच नव्हता, तेव्हा ते खरंच होतं, आणि म्हणूनच त्याला जास्त घाम आला.

सगळे स्वेटर घालून निघाले. नाना चालवायला, शेजारी माई, मागे बायको आणि जावई. चौकापर्यंत आल्यावर नानांनी काचा लावायला सांगितल्या आणि खटका फुल्लवर फिरवला.

हवा आली.

मिस्त्रीने जीव ओतून काम केलं होतं. मिनिटभरात गाडीचं शीतगृह झालं. जावयाने डोळे मिटले. लग्नानंतर या गाडीत त्याला पहिल्यांदाच माणसासारखं वाटत होतं.

"अहो," माईंचा आवाज कापत होता. "मला काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"दात वाजतायत माझे. आपोआप."

"माई, मलापण," बायको मागून म्हणाली. "हातावर बघ कसा काटा आलाय. ताप भरतोय वाटतं मला."

नानांनी कपाळाला हात लावला. हात कोरडा निघाला. त्यांनी मान चाचपली, कानामागे बोट फिरवलं. सगळीकडे कोरडं. आरशात दिसणारा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाम कुठाय?"

मागे बायकोने स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं.

"घाम कुठाय म्हणतो मी! गारवा मुरतच नाहीये आत!" नानांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि खटका बंद केला. दोन्ही हात स्टीअरिंगवर तसेच राहिले. "बिघडवली. पार बिघडवली त्या मिस्त्रीने. वरवरची गार हवा सोडतोय नुसती, त्या बँकेतल्यासारखी." मग एकदम आवाज खाली गेला. "संपलं. ओरिजिनल गेला. लाव त्या हॉटेलवाल्याला फोन. माणसांना नाही मिळाला गारवा, पण झाडं तरी नीट वाढतील तिच्यात."

माईंनी फोन काढला. त्यांना तरी ती गाडी कुठे द्यायची होती? पण शब्द त्यांचाच होता. त्या नंबर शोधू लागल्या.

जावयाने मरून स्वेटरची एक बाही ओढली, पुन्हा सोडली. आत्ता गप्प राहिलं तर गाडी जाणार आणि बोललं तर तीस वर्षं जाणार.

"नाना," तो म्हणाला, "आत्ताचं बरं वाटत होतं की आधीचं?"

"आधीचं!"

"आधीचा हीटर होता."

फोनची रिंग जात होती.

"हीटर म्हणजे?" माई म्हणाल्या. "आंघोळीच्या पाण्याचा असतो तसला?"

"तसलाच. या गाडीला एसी कधी नव्हताच. आत्ता आपण बसलोय तो बाहेरचा. मीच सांगितला बसवायला. माझं चुकलं, पण गारवा म्हणतात तो हाच."

नाना समोरच्या काचेतून पाहत राहिले. रस्ता ओलांडणारा एक कुत्रा त्यांच्याकडे बघून मध्येच थांबला आणि परत फिरला.

माईंनी सावकाश स्वेटरची बटणं काढायला सुरुवात केली. "हिच्या वेळी," त्या मागे बोट दाखवत म्हणाल्या, "मला सातवा लागला होता. भर मे महिना. या गाडीतून माहेरी नेलंत मला. म्हणालात, लाव फुल्ल, बाळालाही गारवा मिळू दे."

बायकोने आ वासला. "म्हणजे मला उबवलंय?"

फोनवर पलीकडून "हॅलो, हॅलो" सुरू झालं होतं. नाना दार उघडून खाली उतरले आणि फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. जावई मागोमाग गेला.

"तुम्हाला कधी कळलं?" नानांनी त्याच्याकडे न बघता विचारलं.

"गॅरेजात."

"आणि त्याआधी? तुम्ही तर बाहेरून आलेले. एवढी वर्षं गप्प शिजत बसलात?"

"मला वाटलं माझ्यातच खोट आहे."

नानांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या मरून स्वेटरकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांना दुसरंच आठवलं असावं, कारण त्यांचा खालचा ओठ तसाच लोंबत राहिला.

"मास्तर," ते म्हणाले.

"कोण मास्तर?"

"समोरच्या बिल्डिंगीतले. निवृत्त झाले त्या दिवशी शाळेतून घरी सोडलं मी त्यांना. मान म्हणून. सगळा रस्ता फुल्लवर ठेवला, माझा स्वेटर काढून त्यांना घातला. तेव्हापासून मला पाहिलं की रस्ता बदलतात. मी घरोघर सांगितलं, मास्तर जळतात माझ्या गाडीवर." नानांनी कपाळ धरलं. "अरे देवा. तो माणूस खरंच भाजला होता."

जावयाला हसू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून तो दुकानाचं कुलूप निरखू लागला.

"पण तो हीटर," थोड्या वेळाने नाना म्हणाले, "कंपनीनेच बसवलेला होता ना?"

"शंभर टक्के. मिस्त्री म्हणाला, इतका उत्तम राखलेला त्याने पाहिला नाही."

"हं." नानांनी पाठ थोडी ताठ केली. "म्हणजे ओरिजिनल म्हणालो ते खोटं नव्हतं."

"ते अजिबात नव्हतं."

गाडीची काच खाली झाली. माई ओरडल्या, "अहो! हॉटेलवाले लायनीवर आहेत! झाडं आणायला निघू का विचारतायत. काय सांगू?"

नाना उठले. गाडीकडे पाहिलं. तो सायीचा रंग, ते लांबलचक नाकाड, आणि आत कुठेतरी लपवून बसवलेली ती परकी वस्तू. खिळासुद्धा कंपनीचा असं आता यापुढे कधीच म्हणता येणार नव्हतं. नाना बराच वेळ तिथेच उभे राहिले. फुटपाथवरून जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"सांग त्याला, गाडी घरातच राहणार आहे."

"आणि एसी?"

"बाहेरचा चालेल."

"चालेल म्हणजे? नंतर कुरकुर चालायची नाही हं!"

"चालेल म्हणजे चालेल! त्याला फोन ठेवायला सांग आणि तू काच लाव, गारवा जातोय."

परत बसल्यावर नानांनी गाडी घराकडे वळवली, पण घराशी थांबवली नाही. समोरच्या बिल्डिंगीखाली नेऊन उभी केली. मास्तर दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत नखं कापत बसले होते. गाडी पाहताच ते नेलकटरसकट आत गेले.

"मास्तर! खाली या! एक चक्कर मारू!" नाना ओरडले.

"बरं नाही मला!" आतून आवाज आला. कधीपासून बरं नाही ते काही मास्तरांनी सांगितलं नाही.

शेवटी जावई वर गेला. त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक, पण बऱ्याच वेळाने मास्तर खाली आले. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात ओला पंचा, आणि घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन. माई मागे सरकल्या. मास्तर पुढे बसले, दाराची मूठ घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. नानांनी खटका फिरवला.

गाडी पुढे निघाली. मास्तरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग जाळीपुढे हात धरून पाहिला.

"नाना," ते म्हणाले, "एवढं गार होतं हिच्यात?"

"होतं."

"मग त्या दिवशी का नाही लावलंत?"

मागच्या सीटवर तिघांनी श्वास रोखला. नाना सरळ रस्त्याकडे बघत होते.

"त्या दिवशी हीटर लावला होता."

"हीटर? माझ्या निवृत्तीच्या दिवशी?"

"हो."

"मुद्दाम?"

"मानाने," नाना म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

मास्तरांनी पुढचा सगळा रस्ता आ वासूनच काढला. गार हवा आत जाऊन त्यांची दाढ ठणकायला लागली, तरी तोंड काही मिटलं नाही.